पायाखालची पिवळी वाट

जपानहून परतलेल्या माणसास आपल्या मंडळीत दोन प्रश्न हटकून विचारले जातात. ‘बुलेट ट्रेनमध्ये बसलात का?’ हा पहिला आणि ‘शाकाहारी माणसाचे तेथे कसे भागते?’ हा दुसरा. २०२४ च्या वसंतात आम्ही उभयता ओसाका शहरी मुलीकडे पाच आठवडे राहून आलो. तेव्हापासून मुंजीत, बारशात, हळदीकुंकवात हे प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकले आहेत की उत्तरे आता झोपेतही देता येतील. गाडीत बसलो, ती वेगाने जाते आणि चहाचा पेला हिंदकळत नाही. जेवणाचे म्हणाल तर आमच्या सौ.ने बरोबर नेलेल्या मेतकुटाने व गोड्या मसाल्याने लाज राखली. परंतु तेथील जी वस्तू आमच्या मनात ठाण मांडून बसली ती वेगाची नाही, विजेची नाही आणि तिच्यात एकही चाक नाही. ती फूटभर लांबीरुंदीची एक पिवळी फरशी आहे. तिच्याविषयी कोणी विचारीत नाही, म्हणून आपण होऊन लिहीत आहो.

हैदराबादकरांस जपान अगदीच परका नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. पुढे ‘सर’ झालेले रॉस मसूद हे निजाम सरकारच्या शिक्षणखात्याचे प्रमुख असताना १९२२ साली जपानास गेले. आधुनिक विद्या स्वभाषेतून कशा शिकविता येतात हे त्यांनी तेथे पाहिले आणि परत येऊन त्यावर ग्रंथ लिहिला. नव्याने निघालेल्या उस्मानिया विद्यापीठास तशा दाखल्याची गरज होती. उर्दू ही ज्यांची स्वभाषा नव्हती अशा आमच्या वडीलधाऱ्या मराठी मंडळींस त्या प्रयोगात काय अनुभव आला, तो आजचा विषय नव्हे. आमच्या पिढीचा जपान मात्र मनगटावर बांधलेला होता. हैदराबादच्या ऑल्विन कारखान्याने जपानच्या सेइको कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे काढली, ती १९८० नंतरच्या दशकात या शहरातील कित्येक घरांत आली. आमच्या वडील बंधूंच्या हातात तेच घड्याळ अद्याप आहे. कारखाना केव्हाच बंद झाला, घड्याळही बंद पडले, आणि दादांना काटे दिसतही नाहीत. परंतु सकाळी स्नान झाले की ते घड्याळ हातात चढते.

दादांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. कारण जपान आम्ही पाहिला तो निम्मा त्यांच्यासाठी. आयुष्यभर त्यांनी शाळेत गणित शिकविले. निवृत्तीनंतर चिक्कडपल्लीच्या घरातून दर गुरुवारी कोठीच्या बाजूस मराठी ग्रंथसंग्रहालयात जाणे, मासिके चाळणे, दोन पुस्तके बदलणे आणि येताना सुलतान बाजारातून काहीतरी किरकोळ वस्तू गरज नसता खरेदी करणे, हा त्यांचा नेम. पुढे त्यांना काचबिंदू झाला. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे आपण एका दमात घेतो, पण दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. मोतीबिंदू काढला की दृष्टी परत येते. काचबिंदूत डोळ्याची नस सुकत जाते. कडेचे दिसणे आधी लोपते, माणसास ते कळतही नाही, आणि जे गेले ते कोणत्याही शस्त्रक्रियेने परत मिळत नाही. थेंब घालून उरलेले राखावयाचे एवढेच हाती असते. दादांपाशी उरला तो प्रकाशाचा थोडा कवडसा आणि ठळक रंगांचा अंदाज.

तरीही त्यांचा गुरुवार चुकत नव्हता. पुस्तके वाचता येत नसली तरी तेथे कोणी ना कोणी अग्रलेख वाचून दाखवी. २०२२ च्या पावसाळ्यात एके गुरुवारी रस्त्याच्या कडेस कोणीतरी खणून तसाच टाकलेला चर त्यांच्या पायाखाली आला. मनगटाचे हाड मोडले, कमरेवर निभावले. त्या दिवसापासून वहिनींनी त्यांचे एकट्याने उंबरठा ओलांडणे बंद केले. वहिनींचा निर्णय म्हणजे आमच्या घराण्यात शेवटचे न्यायालय. त्यावर अपील नाही. दादा एकदाच म्हणाले, ‘अगं, मला दिसत नाही. पण चालता येतं ना?’ वहिनींनी उत्तर दिले नाही. त्या रात्री त्या जेवल्याही नाहीत. दोघांपैकी कोणाचे चुकत होते असे आम्हांस आजही म्हणता येत नाही.

ही पार्श्वभूमी मनात घेऊन आम्ही ओसाकास उतरलो. मुलीचे घर लहान, आपल्याकडील दिवाणखान्यात मावेल एवढे. पण त्यातील प्रत्येक वस्तू काही ना काही बोलत होती. भाताचे विजेचे भांडे भात झाल्यावर एक गाणे वाजवी. न्हाणीघराच्या भिंतीवरील पट्टीतून एक बाई अत्यंत आर्जवाने सांगत की आंघोळीचे पाणी तापले आहे. शौचकूपातील प्रसिद्ध जपानी व्यवस्थेविषयी आमचे मत असे की, ज्या समाजाने तांब्या कधी सोडलाच नाही त्याने तिचे फार कौतुक करू नये; विजेची जोड दिलेला तो तांब्याच होय. मात्र त्याच खोलीतील दुसरी युक्ती आम्हांस मनापासून आवडली. पाण्याच्या टाकीच्या झाकणावरच एक तोटी आणि खळगा असतो. टाकीत भरावयाचे पाणी आधी त्या तोटीतून पडते, त्याखाली हात धुवावेत, आणि तेच पाणी टाकीत उतरून पुढच्या वेळी उपयोगी पडते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या शहरास ही युक्ती कोणी का आणून दिली नाही, कोण जाणे.

चौथ्या की पाचव्या दिवशी सौ. न्हाणीघरातून बाहेर आल्या त्या हातात दोन बाटल्या घेऊन. बाटल्या एकाच आकाराच्या व एकाच रंगाच्या. एकीत केस धुण्याचा शांपू, दुसरीत नंतर लावण्याचे द्रव्य. ‘डोळे मिटून हात लावा’, म्हणाल्या. हात लाविला. एकीच्या अंगावर बारीक आडव्या रेघांचे दाते होते, दुसरी गुळगुळीत. मुलगी म्हणाली, ‘बाबा, दाते असतात तो शांपू. इथं सगळ्या कंपन्यांचं तसंच असतं.’ ही कल्पना काओ नावाच्या कंपनीने १९९१ साली आंधळ्या गिऱ्हाइकांसाठी काढली, आणि तिच्यावर एकट्याचा हक्क न ठेवता इतर कारखानदारांसही ती उचलू दिली. म्हणून आज त्या देशात कोणत्याही दुकानातून बाटली आणली तरी बोटांस तेच कळते. गंमत अशी की तिचा सर्वांत अधिक उपयोग डोळसांसच होत असावा. डोक्यावरचा फेस डोळ्यांत गेला की प्रत्येक जण तेवढ्यापुरता आंधळाच की!

मग आमच्या सौ.स तो नादच लागला. घरातील प्रत्येक वस्तू त्या डोळे मिटून चाचपू लागल्या. दुधाच्या कागदी डब्याच्या माथ्यावर एका बाजूस अर्धवर्तुळाकार खाच असते. ती सांगते की हे निव्वळ दूध आहे, फळांचा रस नव्हे, आणि डबा फोडावयाचा तो खाचेच्या विरुद्ध बाजूने. कपडे धुण्याच्या यंत्राच्या कळांवर ब्रेलचे ठिपके होते. शीतकपाटाच्या तळाशी सापडलेल्या एका डब्याच्या झाकणावरही ठिपके होते. त्यांचा अर्थ ‘मद्य’ असा होतो हे मुलीने सांगितले, आणि तो डबा जावईबापूंच्या कचेरीतील एका पाहुण्याने विसरून ठेविलेला आहे हेही न विचारता सांगितले. आम्ही अधिक चौकशी केली नाही.

त्याच रात्री सौ.ने हैदराबादेस दूरध्वनी करून वहिनींस एक सूचना केली. दादांच्या डोळ्यांत घालावयाच्या औषधाच्या दोन कुप्या अगदी सारख्या; एक सकाळ-संध्याकाळची आणि दुसरी फक्त रात्रीची. वहिनींची स्वतःची दृष्टीही आता चष्म्यावाचून चालत नाही. ‘सकाळच्या बाटलीला दोऱ्याची एक गाठ मारा आणि रात्रीच्या बाटलीला दोन’, एवढेच सौ. म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून दादा आपले औषध आपणच मागू लागले. ‘दोन गाठींची दे’, असे. आमच्या संपूर्ण प्रवासाचा खर्च त्या दोन दोऱ्यांत वसूल झाला, असे आम्ही घरात अजून म्हणतो.

आता त्या फरशीकडे वळतो. ओसाकाच्या उमेदा भागात अनेक रेल्वेमार्ग एकत्र येतात आणि सायंकाळी तेथे माणसांचा जो लोंढा उसळतो त्यापुढे आमच्या कोठीची दिवाळीची गर्दी म्हणजे काहीच नव्हे. त्या लोंढ्यात एके दिवशी एक वृद्ध गृहस्थ दिसले. डोक्यास करड्या रंगाची टोपी, पाठीवर पिशवी, हातात पांढरी काठी. बरोबर कोणी नाही. ते पायांखालच्या पिवळ्या पट्ट्यावरून, फार भरभर नव्हे आणि फार सावकाशही नव्हे, असे चालले होते. एके ठिकाणी थांबले, काठीने जमीन टिपली, उजवीकडे वळले, जिन्याशी पुन्हा थांबले. जिन्याजवळ ध्वनिक्षेपकातून पक्ष्याच्या किलबिलाटाचा आवाज येत होता. आम्हांस इतके दिवस ती निव्वळ हौस वाटत होती. तो आवाज वाट दाखविण्यासाठी असतो. गृहस्थांनी कठडा धरला, त्यावरील ब्रेलवरून बोट फिरविले आणि ते वर चढून दिसेनासे झाले. कोणी त्यांचा हात धरला नाही, कोणी कळवळा दाखविला नाही. एवढेच नव्हे तर कोणी वळून पाहिलेही नाही. आम्ही दोघे मात्र तेथेच उभे. शेवटी सौ. म्हणाल्या, ‘भावोजींना हे सांगायला हवं.’

सांगावयाचे तर आधी आपणांस नीट कळले पाहिजे. दादा गणिताचे शिक्षक. ‘छान होते हो’ एवढ्याने त्यांचे समाधान व्हावयाचे नाही. म्हणून पुढील काही दिवस आम्ही खाली मान घालूनच हिंडलो. त्या फरशीचे प्रकार दोनच. एकीवर लांबट उभ्या पट्ट्या असतात. त्यांचा अर्थ, ‘या दिशेने चालत राहा.’ दुसरीवर गोल उंचवटे असतात; त्यांचा अर्थ, ‘थांबा, येथे काहीतरी आहे.’ ते काहीतरी म्हणजे जिना, वळण, रस्त्याची कड किंवा फलाटाचा काठ. उंचवट्याची उंची अवघी पाच मिलिमीटर, पण बुटाच्या तळव्यातून ती स्पष्ट कळते. रंग पिवळा ठेवण्याचे कारणही आहे. ज्यांची दृष्टी पार गेलेली नाही, मंद झाली आहे, त्यांना हा रंग शेवटपर्यंत ओळखता येतो. पट्टी आणि ठिपका या दोन अक्षरांची ही लिपी. ती हाताने नव्हे, पायाने वाचावयाची.

तिचा उगम ओकायामा शहरातला, हे कळले तेव्हा आमच्या जाण्यास दुसरे निमित्तही मिळाले. पुण्यास सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ते वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ओकायामाच्या ‘कोराकुएन’ या तीनशे वर्षांच्या बागेच्या धर्तीवर ते उभारलेले असून पुणे आणि ओकायामा यांच्या मैत्रीची ती खूण आहे. तेव्हा मूळ बाग पाहावी, अशा बेताने आम्ही मुलीस घेऊन निघालो. ओसाकाहून बुलेट ट्रेनने पाऊण तासाचा प्रवास. बाग सुंदर आहेच. हिरवळ, तळी, पूल आणि पलीकडे काळ्या भिंतींचा किल्ला. तिचे वर्णन पुण्याच्या बागेत जाऊन कोणासही करता येईल, म्हणून ते सोडून देतो. आम्ही तेथून ज्या चौकात गेलो तेथे पाहावयास प्रवासी येत नाहीत. साधा रहदारीचा चौक. एका कोपऱ्यात एक लहानसे स्मारक आहे. जगातील पहिली अशी फरशी १८ मार्च १९६७ रोजी येथे बसविली गेली. जवळच अंधशाळा आहे, म्हणून ही जागा निवडली होती.

ज्याने ती बसविली त्याचे नाव सेईची मियाके. हा गृहस्थ अभियंता नव्हता की सरकारी अधिकारी नव्हता. तो ओकायामात पथिकाश्रम चालवीत असे. पांढरी काठी घेतलेला एक मनुष्य रस्ता ओलांडताना मोटारीखाली जाता जाता वाचला, हे त्याने पाहिले आणि ते त्याच्या मनातून जाईना, असे सांगतात. हिदेयुकी इवाहाशी नावाचा त्याचा एक मित्र होता, त्याची दृष्टी जात होती. या मित्राने त्यास सांगितले की, शेवाळ कोठे संपते आणि माती कोठे लागते हे बूट घातलेल्या पायासही कळते. एवढ्या एका वाक्यावरून मियाकेने १९६५ साली उंचवट्यांची फरशी सिद्ध केली. सरकारने सांगितले नव्हते, कोणी पैसा दिला नव्हता. त्याने पदरचे घातले, धाकट्या भावास हाताशी घेतले, आणि त्या चौकासाठी २३० फरश्या दिल्या. नंतर त्याने गावोगावच्या कचेऱ्यांस पत्रे लिहिली, नमुने पाठविले. कित्येक वर्षे मागणी नाही. घर बुडावयाची वेळ आली.

येथे आम्ही जरा थांबलो, कारण धाकटा भाऊ हा शब्द मुलीने वाचून दाखविला तेव्हा सौ.नी आमच्याकडे पाहिले. असो.

१९७० साली ओसाकातील आबिकोचो या रेल्वे स्थानकाच्या फलाटावर ती फरशी प्रथम बसली. परंतु सर्वत्र ती पोहोचावयास दुःखाचे निमित्त लागले, आणि यात जपानी लोक आपल्याहून फार वेगळे नाहीत हे पाहून मनास विचित्र दिलासा वाटतो. १९७३ साली तोक्योच्या ताकादानोबाबा स्थानकात एक अंध मनुष्य फलाटावरून खाली पडला व गाडीखाली सापडून मरण पावला. त्या फलाटावर फरशी नव्हती. आप्तांनी रेल्वेवर दावा लाविला, तो वर्षानुवर्षे चालला. आणि त्या काळातच फलाटांच्या काठांवर पिवळे ठिपके उमटत गेले. मियाके १९८२ साली वारला. फरशीचे आकार ठिकठिकाणी वेगळे होते, ते त्या देशाच्या मानकात एकसारखे ठरविले गेले ते २००१ साली. आंतरराष्ट्रीय मानक २०१२ साली निघाले. म्हणजे चौकातील पहिल्या फरशीपासून जगाच्या कागदावर येण्यास पंचेचाळीस वर्षे.

जपानात सर्व आलबेल आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. पिवळ्या पट्ट्यावर सायकली लावून ठेवलेल्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. चाकाच्या खुर्चीवाल्यांस हेच उंचवटे खडखडतात व त्यांची तक्रार खोटी नाही. फलाटावरून पडण्याचे प्रसंग अजूनही घडतात. म्हणून आता फलाटाच्या काठास सरकती दारे बसविणे चालू आहे, पण सर्व स्थानकांत ती झालेली नाहीत. स्थानकातील सेवक अंध उतारूस गाडीत बसवून पुढच्या स्थानकास कळवितात व तेथे दुसरा सेवक दाराशी उभा राहतो, हे आम्ही स्वतः पाहिले. फरशीने माणसाचे सगळे काम केले असते तर तो सेवक लागला नसता.

मग आपल्याकडे काय? कायदा आपल्याकडेही आहे, आणि अलीकडचा नव्हे. रेल्वे फलाटांच्या कडा व रस्ता ओलांडण्याच्या जागा पायास कळतील अशा कराव्यात, हे १९९५ च्या अपंगांविषयीच्या केंद्रीय कायद्यातच लिहिलेले होते. २०१६ साली त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली. जपानच्या कर्जाच्या साहाय्याने उभारलेली दिल्लीची मेट्रो २००२ साली सुरू झाली. आमची मेट्रो आली २०१७ च्या नोव्हेंबरात. तिचे डबे कोरियन कंपनीचे. पण स्थानकात पाऊल टाकताच जी पिवळी वाट लागते तिचे माहेर ओकायामा, हे आता आम्ही भेटेल त्यास ऐकवीत असतो.

रस्त्यावरची गोष्ट निराळी. आमच्या भागातील एका नव्या पदपथावर अशीच पिवळी फरशी बसली, तेव्हा आम्हांस आनंद झाला. जवळ जाऊन पाहिले तर जेथे पट्ट्या हव्यात तेथे ठिपके आणि ठिपक्यांच्या जागी पट्ट्या. गवंड्याने ती रांगोळी समजून घातली होती. चाळीस पावलांवर ती वाट एका विजेच्या खांबात शिरते. त्या गरीब गवंड्यास दोष देण्यात अर्थ नाही. जी लिपी त्याला कोणी वाचून दाखविली नाही ती त्याने नीट लिहावी कशी? परंतु जो मनुष्य तिच्यावर विश्वास ठेवून पाऊल टाकील त्याला फरशी मुळीच नसलेली बरी.

परत आल्यावर दादांनी आमची तपासणी घेतली ती दोन संध्याकाळ चालली. उंचवटा किती, पट्ट्या किती, त्यांतील अंतर किती, वळणावर किती फरश्यांचा चौकोन, जिन्याच्या किती आधी ठिपके सुरू होतात. आम्ही वहीत टिपून आणले होते म्हणून उत्तीर्ण झालो. मियाकेची कथा त्यांनी मुकाट्याने ऐकली. ‘हॉटेलवाला होता म्हणतोस?’ एवढेच विचारले. आणि मग वहिनींकडे तोंड करून म्हणाले, ‘चिक्कडपल्ली, नारायणगुडा, सुलतान बाजार. दुसरंच स्टेशन.’

वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. बाहेर आल्या त्या म्हणाल्या, ‘आधी तुम्ही दोघं त्यांना घेऊन जा. मी पाहीन मग.’

पहिल्या फेरीस आम्ही दोघे, दादा आणि न सांगता मागून आलेल्या वहिनी, अशी वरातच निघाली. स्थानकात शिरल्यावर दादांनी आमचा हात सोडला. चप्पल काढून हातात घेतली आणि अनवाणी पायाने पहिली पट्टी चाचपली. पहारेकरी धावत आला. त्यास वाटले म्हाताऱ्यास भोवळ आली. ‘कुछ नहीं मियाँ, पढ़ रहा हूँ’, दादा म्हणाले. तो बिचारा आमच्याकडे पाहू लागला. पुन्हा चप्पल घालून दादा निघाले ते उद्वाहनाच्या दारापर्यंत न चुकता गेले. आत बटणांजवळ ब्रेलचे ठिपके होते. ब्रेल दादांना येत नाही. वयाच्या पंचाहत्तरीनंतर काचबिंदूने दृष्टी गेलेल्यांपैकी फार थोड्यांस ती येत असेल. परंतु आपल्या सर्व भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल १९५१ सालापासून आहे, म्हणजे मराठीसाठी शिकलेले अक्षर तेलुगूतही चालते, हे ऐकून त्यांनी तेथल्या तेथे नातवास पाटी आणावयास सांगितली.

फलाटावर खरी परीक्षा झाली. पिवळ्या पट्टीवर माणसे उभी. कोणी दूरध्वनीत मान घातलेली, कोणी पिशव्या ठेवलेल्या. कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. ती पट्टी कशासाठी आहे हेच ठाऊक नव्हते. दादांची काठी एका तरुणाच्या बुटास लागली. आम्ही पुढे सरसावणार तोच दादा शुद्ध दख्खनीत म्हणाले, ‘बेटा, ये हमारी सड़क है. जरा हल्लू बाजू को हो जाते क्या?’ तरुण शरमून बाजूस झाला. त्याने आणखी दोघांस हलविले, आणि पाहता पाहता दादांपुढे वाट मोकळी झाली. गाडीतील सूचना तेलुगू, हिंदी व इंग्रजीत होतात. नारायणगुडा ऐकू येताच दादा उठून उभे राहिले. सुलतान बाजारातून हा मार्ग नेण्यास तेथील व्यापाऱ्यांनी किती विरोध केला होता ते आम्हांस आठवते, आणि बाजाराच्या डोक्यावरील हा पूल आजही आमच्या डोळ्यांस खुपतो. दादांच्या डोळ्यांस खुपण्याचा प्रश्न नाही. ते म्हणाले, ‘उत्तम बांधलंय.’

अशा सहा फेऱ्या झाल्यावर वहिनींनी निकाल दिला. दादांनी एकट्याने जावे. मात्र नातवाने दहा पावले मागून चालावे आणि दादांस ते कळू देऊ नये. नातू महाविद्यालयात शिकतो, त्याचे बूट करकरतात, आणि दादांचे कान तीक्ष्ण आहेत. सर्वांना सर्व ठाऊक आहे व कोणी काही बोलत नाही. आपल्या एकत्र कुटुंबांत बहुतेक करार असेच चालतात.

अडचण उरली आहे ती स्थानकाच्या खालच्या जिन्यापासून ग्रंथसंग्रहालयाच्या दारापर्यंतच्या रस्त्याची. तेथे पिवळी वाट नाही. फेरीवाले आहेत, दुचाक्या आहेत, एका जागी गटाराचे झाकण आज असते आणि उद्या नसते. तेवढ्या अंतरात नातू दहा पावलांवरून दोन पावलांवर येतो. दादांनी तो रस्ता पावलांनी मोजून घेतला आहे आणि कोठे काय आहे याचा आराखडा आम्हांकडून कागदावर काढवून घेतला आहे; पट्ट्यांच्या फरश्या किती लागतील व ठिपक्यांच्या किती, याचा हिशेबही त्यास जोडला आहे. अर्ज तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन भाषांत आहे, शेवटी त्यांची मराठीतील सही. संबंधित कचेरीत तो देऊन आता चार महिने झाले. पोच मिळाली आहे, उत्तर यावयाचे आहे. दादांनी दुसरा अर्ज लिहावयास घेतला असून दर गुरुवारी जाता-येता ते पावले पुन्हा मोजतात, कारण मध्यंतरी एका दुकानदाराने पायरी वाढविली आहे.